गुत्ता, शिंदी आणि आडवी बाटली

पुण्या-मुंबईकडच्या मराठीत ‘गुत्ता’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे दारूचे दुकान येते, तेही जरा हलक्या वस्तीतले. नांदेड-लातूरकडे तसे होत नाही. इकडे गुत्तेदार रस्ता बांधतो, शाळेच्या खोल्या बांधतो, विहिरीचे खोदकाम अंगावर घेतो आणि समाजात प्रतिष्ठित म्हणून वावरतो. शब्द एकच. कानडीतला ‘गुत्तिगे’ आणि तेलुगूतला ‘गुत्त’ हे त्याचे सख्खे भाऊ, आणि अर्थ मक्ता: ठरावीक रक्कम सरकारला कबूल करून एखाद्या गोष्टीचे उत्पन्न वसूल करण्याचा हक्क. दारूविक्रीचा मक्ता इतका नित्याचा झाला की एका प्रदेशात मक्त्याचे नाव दुकानालाच चिकटले. दुसऱ्या प्रदेशात ते मक्त्यापुरते राहिले आणि मक्ता मात्र दारूवरून रस्त्यांवर आला. दारू आणि सरकारी वसुली या दोन गोष्टी आपल्या भाषेने फार पूर्वीच एका शब्दात बांधून ठेवल्या आहेत. आज आम्ही ज्या प्रश्नाविषयी लिहीत आहोत त्याची सुरुवात म्हणूनच अर्थशास्त्रातून न करता शब्दकोशातून करावीशी वाटली.

प्रश्न साधा आहे. दारूवरील कर वाढवला तर शहरातली मारहाण, चाकूहल्ले, घराच्या भिंतीआडचा छळ कमी होतो का? १० जून २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दारूवरील उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हा त्यातून सुमारे १४,००० कोटी रुपयांचे जादा उत्पन्न अपेक्षित असल्याचे जाहीर झाले. त्या निर्णयाच्या बातम्यांतून आम्हांला रकमा पुष्कळ भेटल्या. हिंसा हा शब्द कुठे भेटला नाही. त्याच सुमारास वर्गात आम्ही ‘एकच प्याला’ शिकवत होतो. शेवटच्या अंकाशी आल्यावर मुखेड तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, सिंधू फौजदाराला खरं का नाही सांगत?” पतिव्रताधर्म, करुणरस, गडकऱ्यांची अतिशयोक्ती अशी आमची नेहमीची उत्तरे तयार होती. ती देताना आमच्या लक्षात आले, की या मुलीचा प्रश्न रसाविषयी नाहीच.

त्या प्रश्नाकडे आम्ही परत येऊ. त्याआधी निजामाच्या मुलखात जायला हवे, कारण नांदेड आणि लातूर ही गावे १९४८ पर्यंत त्या राज्यात होती आणि इथल्या दारूचा इतिहास पुण्याच्या दारूच्या इतिहासाहून वेगळा आहे. ‘आबकारी’ हा फारसी शब्द. आब म्हणजे पाणी. पाण्याचा हा व्यवहार हैदराबाद संस्थानाच्या तिजोरीत जमीनमहसुलाच्या खालोखाल भर घालणाऱ्या बाबींपैकी होता. पूर्वेकडचा मुलूख शिंदीच्या आणि ताडाच्या झाडांचा. दरबारी उर्दूत शिंदीला ‘सेंधी’ म्हणत. झाडावर कर, दुकानाचा लिलाव, आणि दोन्हींच्या मध्ये गुत्तेदार. शेतकऱ्याच्या बांधावर उभ्या असलेल्या झाडाचा रस काढण्याचा हक्क शेतकऱ्याचा नसे. तो ज्याने बोली लावली त्याचा. बोलीची रक्कम वसूल व्हायची तर जास्तीत जास्त लोकांनी प्यायले पाहिजे, हे उघड होते. तेव्हा कराचा दर चढा म्हणजे पिणे कमी, हे आजचे गृहीतक या व्यवस्थेत उलटे चाले: बोली जितकी चढी, तितकी गुत्तेदाराला गिऱ्हाइकांची निकड अधिक.

ब्रिटिश मुलखात निराळे काही होते असे नाही. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानंतर तिकडेही घरगुती गाळपावर बंधने आली आणि उत्पन्न सरकारी पकडीत गेले. ‘कमीत कमी सेवनातून जास्तीत जास्त महसूल’ हे त्या काळच्या इंग्रजी राजवटीचे अधिकृत धोरणवाक्य. त्यातला कोणता अर्धा भाग मनापासून पाळला गेला हे सांगायला नको. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी शहरात वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले. आम्हांला त्या पत्राचे महत्त्व नीतिबोधापेक्षा वेगळ्या जागी दिसते. महसूल जातो वरच्या सरकारकडे आणि त्याचा उपद्रव सोसते ते शहर, ही विसंगती तिथे प्रथम नगरपालिकेच्या कागदावर येते. आजही दारूवरील उत्पादन शुल्क राज्याच्या तिजोरीत जाते. नांदेड-वाघाळा किंवा लातूर महानगरपालिकेच्या वाट्याला येतो तो रात्री अकरानंतरचा रस्ता.

आता १९४७. स्टेट काँग्रेसच्या लढ्यात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाचे जे प्रकार ठरले त्यांत जंगल सत्याग्रह होता, लेव्हीला विरोध होता, करोडगिरी नाक्यांवरचे हल्ले होते आणि शिंदीची झाडे तोडणेही होते. शाळेच्या पुस्तकात हे वाक्य आपण वाचतो आणि पुढे जातो. थांबून पाहिले तर त्यात मोठी गंमत आहे. शिंदीचे झाड तोडणे ही गांधीवादी दारूबंदी होती की शत्रूच्या तिजोरीवरचा घाव? तोडणाऱ्यांच्या मनात दोन्ही असणार. गावागावांतून कुऱ्हाडी घेऊन बाहेर पडलेल्या माणसांना एवढे पक्के ठाऊक होते की झाड म्हणजे निजामाच्या उत्पन्नाचा उभा खांब आहे, आणि रझाकारांची बंदूक त्याच उत्पन्नाच्या राज्यात चालते. कर आणि हिंसा यांचा संबंध त्यांनी आलेखावर पाहिलेला नव्हता. त्यांनी तो बांधावर पाहिला होता.

एक गोष्ट मात्र मुक्तिसंग्रामाच्या गौरवग्रंथांत फारशी येत नाही. शिंदीचे झाड पडले तेव्हा निजामाचे उत्पन्न बुडाले, तसेच ज्या कलाल-गौड कुटुंबांचे हात त्या झाडावर चढण्यावर चालत त्यांचेही बुडाले. गुत्तेदाराला दुसरा गुत्ता मिळाला असेल. झाडावर चढणाऱ्याला दुसरे झाड मिळाले का, हे विचारणे आम्हांला देशद्रोहाचे वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर कराचा प्रश्नच निकालात काढण्याचा प्रयत्न झाला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मोरारजी देसाईंच्या आग्रहाला कायद्याचे रूप आले. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला तसा पुढे तो कायदा इकडेही लागू झाला. दारूबंदी म्हणजे एका अर्थाने अनंत दराचा कर. पण वसूल करणारा बदलतो. सरकार बाजूला झाले की त्याची जागा हातभट्टीवाला, त्याच्यामागचा दादा आणि दोघांकडून हप्ता घेणारा शिपाई घेतो. मुंबईत वरदराजन मुदलियार याच्यासारख्यांची टोळी या गावठी दारूच्या धंद्यावर पोसली गेली. घरातल्या माराचा काही अंश तेव्हा कमी झालाही असेल. पण गल्लीत नवी हिंसा उभी राहिली, ती धंद्याच्या हद्दीची. वसंतराव नाईकांच्या काळात बंदी पायरीपायरीने सैल झाली, १९७३ च्या देशी मद्य नियमांनी देशी दारू उजळ माथ्याने विकली जाऊ लागली, आणि गंमत पाहा, कायद्याचे नाव ‘दारूबंदी’ असेच राहिले. आजही ज्या कायद्याखाली परमिट रूमचा परवाना मिळतो तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम आहे. संविधानाचे ४७ वे कलम राज्याला दारूबंदीच्या दिशेने जायला सांगते आणि सातवी अनुसूची दारूवरचा कर राज्यांच्या हातात देते. एका हाताने जे करू नये असे सांगितले त्याच्यावर दुसऱ्या हाताने संसार चालवायचा, ही स्थिती एखाद्या सामाजिक नाटकाच्या नायकाची म्हणून चालली असती.

१९५६ ने आणखी एक केले, ते नांदेड-लातूरच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. भाषावार रचनेत नांदेडचा मुधोळ तालुका आदिलाबादकडे, म्हणजे आंध्रात गेला. आदिलाबादचा किनवट नांदेडला आला. बीदर जिल्ह्यातली उदगीर, निलंगा, अहमदपूर ही गावे उस्मानाबादेत आली आणि १९८२ साली लातूर जिल्हा झाल्यावर त्यात गेली. एकाच आबकारीखाली नांदलेला मुलूख तीन आबकारींत वाटला गेला. देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर, देवणी येथला माणूस तेव्हापासून तीन राज्यांच्या दारूच्या किमतींच्या मध्ये राहतो. एका राज्याने दर वाढवला की बाटली सीमा ओलांडते. १९९५ साली आंध्रात संपूर्ण दारूबंदी आली तेव्हा शेजारच्या राज्यांतून तिकडे दारूचा ओघ लागला, आणि १९९७ मध्ये बंदी सैल करताना ही चोरटी आयात आणि बुडालेला महसूल हीच कारणे पुढे आली. तेलंगणात शिंदीचे झाड कमी पडले की शिंदीच्या नावाने क्लोरल हायड्रेट आणि अल्प्राझोलाम मिसळलेले पाणी विकले जाते, हे तर वारंवार उघडकीला आले आहे. ते पाणीही सरहद्दीचा दगड पाहून थांबत नाही. अशा ठिकाणी ‘कर वाढवला, पिणे घटले’ हे विधान मुंबईतल्या कागदावर खरे आणि धर्माबादच्या स्टेशनावर संशयास्पद ठरू शकते.

आंध्रातली ती बंदी ज्या आंदोलनातून आली त्याचा उल्लेख इथे टाळता येणार नाही. सरकारी पाठबळाने पाकिटबंद अरक विकण्याच्या तिथल्या योजनेचे नाव होते ‘वारुणी वाहिनी’. (संस्कृतचा असा वापर पाहून कोणत्याही भाषाशिक्षकाला घाम फुटावा.) १९९२ साली नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावच्या बायका साक्षरतेच्या वर्गातून उठून अरकाच्या दुकानावर गेल्या, आणि लोण पसरले तेव्हा त्यांनी अडवले ते काय, तर अरकाचे लिलाव. नवऱ्याचा हात धरण्यापूर्वी त्यांनी सरकारचा हातोडा धरला. १९४७ च्या कुऱ्हाडी आणि १९९२ चा तो अडवलेला लिलाव यांत आम्हांला एकच समज दिसते. आपल्या घरातली हिंसा आणि वरची वसुली यांचे सूत कुठे जुळते, हे ज्यांना मार बसतो त्यांना कळलेले असते.

तरीही केवळ अनुभवावर विसंबून प्रश्न सुटत नाही, म्हणून इतरत्र काय दिसले तेही पाहू. इंग्लंड आणि वेल्समध्ये कार्डिफच्या संशोधकांनी मारहाणीत जखमी होऊन रुग्णालयात आलेल्यांच्या नोंदी आणि बिअरच्या किमती ताडून पाहिल्या. जिथे बिअर महाग तिथे जखमी कमी, असे त्यांना आढळले. त्यांनी पोलिसांच्या दप्तरावर विसंबण्याऐवजी रुग्णालयाच्या नोंदी घेतल्या, कारण जबड्यांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला रोज दिसे की टाके घातलेल्यांपैकी बहुतेकांची फिर्याद कुठेच नाही. उलट फिनलंडने १ मार्च २००४ रोजी दारूवरचा कर सरासरी तृतीयांशाने उतरवला. त्यानंतर दारूपायी होणारे मृत्यू वाढले, पण मारामाऱ्यांत तशी वाढ दिसली नाही. बिहारमधल्या एप्रिल २०१६ च्या बंदीनंतर बायकांवरील घरगुती हिंसा घटल्याचे अभ्यास सांगतात. त्याच बिहारमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने सत्तरांहून अधिक माणसे गेली. आमच्याकडे तर बंदी नसतानाही जून २०१५ मध्ये मालवणीला शंभरावर गेली; गरिबाला परवडते ती बाटली आणि कायद्याची बाटली यांच्यातली दरी तिथेही होतीच.

एवढ्यावरून आमचे मत असे बनते. किंमत वाढली की एकंदर हिंसा काही प्रमाणात घटते, विशेषतः रस्त्यावरची, तरुणांची, शनिवार रात्रीची; हे मानायला हरकत नाही. पण ज्या घरात माणूस व्यसनी झालेला आहे तिथे वाढलेल्या किमतीचा पहिला हप्ता घरखर्चातून जातो. ‘एकच प्याला’ पुन्हा पाहावे. सुधाकराच्या प्याल्याचे पैसे कुठून येत असतील याचा विचार रंगभूमीने फारसा केला नाही. सिंधूचे दळण मात्र तिथे आहे, आणि प्रेक्षक ते पाहून शंभर वर्षे रडत आला आहे. त्या प्याल्यावर कर दुप्पट झाला असता तर सुधाकर अर्धा प्याला प्याला असता, की सिंधूने दुप्पट दळले असते? नाटक उत्तर देत नाही; पण संसारांची उत्तरे आम्ही पाहिली आहेत.

आणि इथे त्या विद्यार्थिनीचा प्रश्न येतो. नशेतल्या सुधाकराच्या हातून मूल जाते, सिंधू स्वतः मरणाच्या दारी असते, आणि फौजदारापुढे ती नवऱ्याचे नाव घेत नाही. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले, नाटक त्यानंतर महिन्याच्या आत रंगभूमीवर आले. त्या सालच्या गुन्ह्यांच्या आकड्यांत सिंधूची नोंद कशी झाली असती? अपघात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशपातळीवर आढळले की ज्यांचे नवरे वारंवार पिऊन झिंगतात अशा स्त्रियांपैकी ७० टक्क्यांनी नवऱ्याकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली होती. ज्यांचे नवरे पीत नाहीत त्यांच्यात हे प्रमाण २३ टक्के होते. त्याच पाहणीत, हिंसा सोसलेल्यांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली नव्हती की कोणाला सांगितलेही नव्हते. तेव्हा कर वाढवल्याने शहरातली हिंसा घटली की नाही, हे पोलिसांच्या आकड्यांवरून ठरवणारा अभ्यासक सिंधूची साक्ष खरी मानून चालतो. नांदेड असो की लातूर, सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात रात्री आलेल्या बाईच्या कागदावर ‘पाय घसरून पडली’ असे लिहिले जाते. त्या वाक्याची लेखिका शंभर वर्षांपूर्वीची आहे.

२०२५ च्या वाढीकडे या प्रकाशात पाहिले तर तिची रचना बोलकी आहे. भारतीय बनावटीच्या विदेशी दारूवरचे शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट झाले. देशीचे प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांनी वाढले. धान्यापासून केलेल्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाच्या नव्या वर्गाला मधली जागा मिळाली. १८० मिलिलिटरच्या बाटलीच्या किमान किमती ठरल्या त्या अशा: देशी ८० रुपये, महाराष्ट्र मेड १४८, विदेशी २०५. लातूरच्या कॉलेजरोडवरच्या मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाला झळ बसेल आणि तो एक पायरी खाली उतरेल. मोंढ्यातल्या हमालाची पायरी जवळजवळ जिथल्या तिथे राहील. पायऱ्या अशा बांधल्या आहेत की कोणी पूर्ण खाली उतरून बाहेर पडू नये. उत्पन्नासाठी ठरवलेला कर असाच असणार. त्याबद्दल आश्चर्य वाटून घेणे बालिशपणाचे होईल. पण तो हिंसा घटवण्यासाठी आहे असे कोणी म्हणू लागले, तर देशीचा दर पाहून बोलावे.

लोकांच्या हातात सरकारने दिलेले एक साधनही आहे. २५ मार्च २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या वा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी जिंकली तर दुकान बंद. कोणत्याही चिन्हशास्त्राच्या वर्गात शिकवावी इतकी सुबक ही चित्रलिपी आहे. अट एवढीच, की आडव्या बाटलीला झालेल्या मतांच्या निम्मी मते पुरत नाहीत. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक लागतात. जी आली नाही, ती उभ्या बाटलीच्या बाजूची.

मुखेड, कंधार, लोहा या भागांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. त्या उसाची मळी निघते, मळीचे स्पिरिट होते, स्पिरिटची देशी होते. आमच्या विद्यार्थिनीच्या शेजारच्या गावात मतदान झाले ते असेच हंगामात. आडव्या बाटलीला मते भरपूर पडली, दुकान राहिले. निम्म्या यादीला काही मते कमी पडली होती. तिच्या मावशीचे नाव यादीत होते. मावशी तेव्हा साताऱ्याकडे फडात होती. गावात नसलेल्या बायकांना यादीतून वगळून मोजता येते का, असे तिने आम्हांला विचारले. नियम वाचून सांगतो म्हणालो. वाचला. वगळता येत नाही.